घरची दुरुस्ती: स्वतः काय करावं, मिस्त्री कधी बोलवावा? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

आमचं हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकलचं दुकान. मार्च लागला की कूलरचा पंप, जून लागला की डांबरपट्टी आणि दसऱ्याच्या आसपास रंग मागायला गिऱ्हाईक येतं. वस्तू मागता मागता हमखास प्रश्न निघतो, "हे मलाच जमेल का भाऊ, की मिस्त्री बोलवू?" काउंटरवर वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. यातल्या काही उत्तरांनी आमचा माल खपणार नाही, त्याला इलाज नाही.

कोणतं काम स्वतः करावं हे ठरवायचं कसं?

जमेल का, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा विचारा: चुकलं तर काय होईल? नळाचं वायसर वाकडं बसलं तर नळ टपकत राहील. चूक डोळ्यांसमोर दिसेल आणि उद्या परत खोलता येईल. असली कामं बिनधास्त करा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग चुकलं तर ते जुलैत कळतं, तोवर पैसे गेलेले असतात आणि स्लॅबमध्ये पाणी मुरलेलं असतं. चूक भिंतीत किंवा स्लॅबमध्ये लपणार असेल तिथे माहितगार माणूस हवा. आणि चालू करंट, गॅस, मोठी उंची आणि घराचा भार यांत चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते. तिथे हात घालू नका, मग यूट्यूबवर काम कितीही सोपं दिसो. व्हिडिओतला नळ नवा असतो. तुमच्याकडचा वीस वर्षं बोअरिंगचं पाणी पिऊन गच्च झालेला असतो.

घरात अवजारं कोणती ठेवावीत?

एक चांगली पक्कड, एक चपटा आणि एक फुलीचा पेचकस, दहा इंची ॲडजस्टेबल पाना, टेस्टर, टेफ्लॉन टेप, काळी इन्सुलेशन टेप, मेजरटेप आणि बॅटरी. ड्रिल मशीन वर्षातून एक-दोनदा लागते, शेजाऱ्याची मागा. वीस-पंचवीस नगांची स्वस्त पेटी घेऊ नका. त्यातला पाना पहिल्याच जाम नटावर तोंड वासतो.

टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे करंट नाही, असं धरून चालू नका. कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभे असाल तर करंट असूनही तो मिणमिणतो, आणि नागपूरच्या उन्हात मिणमिणता दिवा दिसतही नाही. आधी चालू पॉइंटवर टेस्टर तपासा, मग काम करायच्या जागी लावा, मग पुन्हा चालू पॉइंटवर. साधा मल्टीमीटर घेतला तर आणखी बरं.

नळ टपकून राहिला. प्लंबर लागेल का?

बहुतेक वेळा नाही. मेन कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, मुठीखालचा नट सोडवून स्पिंडल काढा. खाली रबरी वायसर दिसेल. झिजलं असेल तर काही रुपयांत नवं मिळतं. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतं, आत सिरॅमिकची कार्ट्रिज असते. ती कंपनीप्रमाणे बदलते, म्हणून जुनी काढून दुकानात घेऊन या. फोटो आणू नका, फोटोत माप कळत नाही.

पूर्ण नळच बदलायचा असेल तर टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती उसवत जाते. आणि थांबायचं कुठे तेही सांगतो: पाना लावल्यावर नळाबरोबर भिंतीतला पाइपही फिरतोय असं हाताला जाणवलं, तर तिथेच सोडा. जुन्या लोखंडी पाइपचा आटा आत गंजलेला असतो. तो तुटला की टाइल फोडावी लागते, आणि दोनशेचं काम काही हजारांवर जातं.

एकही नळ टपकत नाही, तरी पाण्याचं बिल वाढून राहिलं.

आपल्याकडे पाणी मीटरने मोजलं जातं, तेव्हा मीटरच तुमचा साक्षीदार आहे. टाक्या भरल्या आणि बॉलकॉक बंद झाला की घरातले सगळे नळ बंद करा आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा. तासाभराने परत बघा. आकडा सरकला तर मीटर आणि टाकी यांच्यामध्ये कुठेतरी पाणी जातंय. नाही सरकला तर संशय टाकीच्या पुढे.

पहिला संशयित संडासाचा फ्लश टँक. टँकमध्ये खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय, ते स्वतः बदलता येतं. दुसरा संशयित गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक: पाणी भरून वाहतं, पावसाळी पाइपातून जातं आणि कुणाला दिसत नाही. दोन्ही ठीक असतील तर गळती जमिनीत किंवा भिंतीत आहे. मग प्लंबर.

प्रेशर कमी आहे. नळाच्या लाइनीला टिल्लू पंप जोडू का?

नको. महापालिकेच्या लाइनीवर थेट पंप लावणं बेकायदेशीर आहे आणि पकडला गेला तर जप्त होतो. शिवाय ओढलेल्या पाण्याबरोबर फुटक्या जोडातून नालीचं पाणीही आत ओढलं जातं. जमिनीत टाकी करा, तिथून पंपाने वर चढवा.

सिंक तुंबलं. ॲसिड ओतू का?

आधी खालचा बॉटल ट्रॅप (बाटलीसारखा सांधा) हाताने फिरवून काढा, खाली बादली ठेवून. दहातले आठ वेळा चहापत्ती, तेल आणि भाताचा गोळा तिथेच अडकलेला असतो. मग रबरी पंपाने दाब द्या. ॲसिड शेवटचा उपाय, आणि तोही तुम्ही आधी दुसरं काही ओतलं नसेल तरच. संडासचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जीवघेणा आहे.

घरातल्या सगळ्याच मोऱ्यांचं पाणी एकदम तुंबलं असेल तर दोष तुमच्या सिंकचा नाही, बाहेरच्या चेंबरचा आहे. चेंबर किंवा सेप्टिक टँकमध्ये कुणालाही उतरवू नका, पैसे देऊनही नाही. आतल्या वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. मशीनची गाडी बोलवा.

पंखा हळू फिरून राहिला, हाताने ढकललं की चालतो.

कपॅसिटर (मोटर सुरू करून देणारा छोटा डबा) गेला. छताच्या साध्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो. जुन्यावर छापलेला आकडा बघून तेवढाच घ्या, शंभराच्या आत येतो. "मोठा टाकला की जोरात फिरेल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, मोटरच्या तारांचं वेटोळं, म्हणजे वाइंडिंग, तापतं. नुसतं बटण किंवा रेग्युलेटर नव्हे, मेन स्विच बंद करा, कारण जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. काम स्वतः करण्यासारखं आहे, पण खाली शिडी धरायला माणूस हवा.

कूलर हंगामासाठी स्वतः तयार करता येतो का?

येतो, आणि करावाच. विदर्भात कूलर हे चैनीचं यंत्र नाही, एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांत ते घरातलं सर्वांत महत्त्वाचं यंत्र असतं. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात हात घाला. एप्रिलमध्ये कूलरवाला फोन उचलत नाही, आणि उचलला तर भाव त्याचा.

प्लग काढून बाजूला ठेवा. बटण बंद केलंय एवढ्यावर भागत नाही, पिना भिंतीबाहेर दिसल्या पाहिजेत. टब खरवडून गंज काढा, रेड ऑक्साइड लावा, तो वाळला की वरून डांबरी पेंट आणि पूर्ण एक दिवस सुकू द्या. बारीक छिद्र एम-सीलने बुजतं. पत्रा बोटाने दाबल्यावर लवत असेल तर मात्र लेप लावत बसू नका, टब नवा करून घ्या. पाणी वाटणाऱ्या पाइपची छिद्रं क्षारांनी बुजतात, ती सुईने मोकळी करा. ताट्यांचं गवत दर हंगामाला नवं भरा. वाळ्याच्या ताट्या वासाला छान, पण पाणी सगळीकडे सारखं झिरपतं का ते बघून घ्या. एक कोपरा कोरडा राहिला तर तिथून सरळ लू आत येते. हनीकॉम्ब पॅड असेल तर धुऊन काही हंगाम चालतं.

आता नेहमीची तक्रार: "सगळं नवं केलं, तरी थंड करून नाही राहिला." खोलीची एखादी खिडकी उघडी आहे का? कूलर बाहेरची कोरडी हवा पाण्यातून ओढतो. आतली ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोली फक्त दमट होते. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावणाऱ्याला कोणतंही गवत उपयोगाचं नाही. पावसाळ्यात त्याने थंडावा येत नाही त्याचं कारणही तेच, हवाच ओली असते.

आठवड्यातून एकदा टब पूर्ण रिकामा करून घासा आणि कोरडा होऊ द्या. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि ती टबाच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. चालतं का?

अजिबात चालत नाही. वाचणं थांबवा, आधी प्लग काढून या.

दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकने माणसं जातात, आणि त्यात पोरं असतात, ओल्या हाताने पाणी टाकणाऱ्या बाया असतात. कारण साधं आहे. पंप पाण्यात बुडालेला, त्याच्या वाइंडिंगचं किंवा वायरचं आवरण खराब होतं, करंट पाण्यात आणि पत्र्याच्या अंगात उतरतो. अर्थिंग धड असेल तर तो जमिनीत जातो. पण आपल्याकडे तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून टाकायची किंवा सरळ दोन पिनांची टॉप लावायची पद्धत आहे. मग त्या करंटला वाट एकच, ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस.

एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या हृदयाला धोका व्हायला ३० मिलिअँपिअरच्या आसपासचा करंट पुरतो, आणि तेवढ्याने एमसीबीला काही कळतही नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपिअरचा. गळणारा करंट ओळखून तो डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. त्यावर चाचणीचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. लाइन पडली पाहिजे. बसवायचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं, कारण न्यूट्रल चुकीचा जोडला तर तो एकतर सारखा पडतो नाहीतर कधीच पडत नाही. बसवताना त्याच्याकडून अर्थिंगही तपासून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकायची जुनी पद्धत चांगली आहे, कोरड्या मातीतून करंट नीट जात नाही.

पाणी भरताना कूलर बंद, प्लग बाहेर, पायात चपला. टबाचं पाणी फरशीवर सांडत असेल तर आधी ते थांबवा. कुणाला शॉक लागलाच तर त्याला हाताने ओढू नका. मेन बंद करा, किंवा कोरड्या लाकडाने वायर दूर करा, आणि १०८ ला फोन लावा.

एवढं सगळं एका प्रश्नात लिहिलं, कारण आमच्या दुकानात येणाऱ्या सगळ्या प्रश्नांत हाच एक असा आहे की उत्तर उद्यावर टाकता येत नाही.

एमसीबी सारखा पडतो. मोठा टाकून देऊ का?

नको. एमसीबी वायरच्या जाडीप्रमाणे असतो. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी टाकला की तो पडणार नाही, वायर जळेल. तुम्ही करू शकता ते एवढंच: त्या लाइनीवरच्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढा, एमसीबी वर करा, मग एकेक वस्तू लावत जा. एखाद्या ठरावीक वस्तूने पडला तर दोष तिचा. काहीच न लावता पडला तर दोष वायरिंगमध्ये, तिथून पुढे इलेक्ट्रिशियन. इस्त्री, गीझर आणि ओव्हन एकाच बोर्डवर लावून "पडतो" म्हणत असाल तर एमसीबी आपलं काम करतोय.

दीड टनाच्या एसीला स्वतंत्र लाइन द्या, ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरची. मीटर आणि त्याचं सील महावितरणचं, त्याला तुमच्या इलेक्ट्रिशियननेही हात लावायचा नाही.

एसीची सर्व्हिसिंग घरी होते का?

जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा, उन्हाळ्यात धूळ फार असते. एवढंच. "गॅस भरावा लागेल" असं सांगितलं तर विचारा, गेला कुठून? गॅस वापराने संपत नाही, गळतो. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या मेपर्यंत टिकत नाही.

गीझर पाणी तापवत नाही, वरून आवाज करतो.

बोअरिंगच्या जड पाण्याचे क्षार एलिमेंटवर थर धरतात. थराखाली ते जळतं आणि खदखद आवाज येतो. साफसफाई किंवा एलिमेंट बदलणं मेकॅनिककडून करून घ्या. त्याला एक गोष्ट जरूर विचारा: सेफ्टी व्हॉल्व्ह चालू आहे का? त्यातून थेंब पडतात म्हणून काही जण तो बंद करून टाकतात, तेव्हा गीझर म्हणजे बंद कुकर होतो. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात नकोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शॉवरची जाळी मात्र स्वतः काढा आणि रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा.

गॅसचा वास येतोय.

रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी. कोणतंही बटण दाबू नका, ना चालू ना बंद, एग्झॉस्टचंही नाही. बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. वास नसताना नळी तपासायची तर साबणाचं पाणी लावा, काडी पेटवू नका. भगवी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, तारीख तिच्यावर छापलेली असते. रेग्युलेटर उघडून दुरुस्त करायची वस्तू नाही.

भिंतीला तडे गेले. पुट्टी भरून रंग मारू का?

कोणता तडा, ते आधी बघू. केसासारखे बारीक, जाळीसारखे पसरलेले तडे प्लास्टरचे असतात. घाईत सुकलेलं प्लास्टर, कमी मारलेलं पाणी. ते क्रॅक फिलरने स्वतः भरा, पण वरवर लेप देऊ नका, छन्नीने व्हीच्या आकाराची खाच करून आत दाबून भरा. कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे सरळ उभा तडा जातो, कारण काँक्रीट आणि वीट तापल्यावर सारखं फुगत नाहीत. तो भरून काढला तरी परत येतो. तिथलं प्लास्टर काढून जाळी मारून परत करावं लागतं, ते गवंड्याचं काम.

तिसरा तडा काळजीचा. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपा निघतो, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसतो, रुंदी पाच मिलिमीटरच्या वर जाते, दार चौकटीत अडकायला लागतं. आपल्याकडे याचं मूळ बहुतेकदा पायाखालच्या काळ्या मातीत असतं. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतातल्या भेगा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पाया मुरूम लागेपर्यंत खोल नेला नसेल, तर ही माती वर्षातून एकदा घर उचलते आणि एकदा सोडते. अशाच मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली फुगीर असलेल्या पाइलची पद्धत विकसित केली.

अशा घरात तुम्ही करण्यासारखं बरंच आहे, आणि ते भिंतीवर नाही, भिंतीबाहेर आहे. घराभोवती तीन-चार फुटांची पक्की फरशी करा, उतार बाहेरच्या बाजूला. गच्चीचा पावसाळी पाइप पायाशी सोडू नका, लांब न्या. भिंतीलगतची फुटकी नाली, गळणारं चेंबर दुरुस्त करा. मोठं झाड भिंतीला चिकटून असेल तर मुळं उन्हाळ्यात माती आणखी सुकवतात. पायाखालच्या मातीची ओल वर्षभर सारखी राहिली तर तडे वाढायचे थांबतात.

तडा वाढतोय का ते कळण्यासाठी त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघा. वाढला तर स्ट्रक्चरल इंजिनिअर, कंत्राटदार नव्हे. कंत्राटदार तडा बघून काम सांगेल, इंजिनिअर कारण सांगेल. बीम किंवा कॉलममधून गंजाचे डाग येत असतील, काँक्रीटचे पापुद्रे सुटून सळई दिसत असेल तर वाट बघू नका. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची तपासणी महापालिका कायद्यानेही अपेक्षित आहे.

भिंतीला ओल येते. वॉटरप्रूफ पेंट पुरेल का?

आतून मारलेला वॉटरप्रूफ पेंट ओल थांबवत नाही, झाकतो. वर्षभराने पोपडे येतात, मग माणूस पेंट कंपनीला शिव्या देतो. (आणि आम्हाला.)

पाणी कुठून येतं ते शोधा. छताकडून खाली उतरणारी ओल गच्चीची. भिंतीच्या मध्यावर डाग आणि पलीकडे न्हाणीघर असेल तर पाइप. जमिनीपासून दोन-तीन फूट वर चढलेली ओल पायाची. कळत नसेल तर ओल्या जागी हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा. दोन दिवसांनी थेंब भिंतीच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीच्या बाजूला दिसले तर नुसती हवा दमट आहे.

गच्चीचं काम एप्रिल-मेमध्ये, स्लॅब ठणठणीत कोरडा असताना. खर्चाआधी पन्हाळीचं तोंड बघा, पानं आणि कबुतरांची घाण यांनी बुजलेलं असतं. ती साफ करून अर्ध्या गळत्या थांबतात, हे आम्ही दुकानदार असून सांगतो. पाणी कुठे साचतं ते खडूने आखा. कठडा आणि स्लॅब यांच्या कोपऱ्यात भेग असेल तर तिथे गोलाई करून घ्यावी लागते. छोट्या भेगा आणि वरचा कोटिंगचा हात ही कामं उत्साही माणसाला स्वतः जमतात, सकाळी सहा ते नऊमध्ये. तापलेल्या स्लॅबवर दुपारी मारलेलं कोटिंग धरत नाही आणि तुम्हालाही ऊन लागेल.

कोबा, चायना मोझॅक असली कामं मिस्त्रीचीच. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवू देऊ नका. ते वजन स्लॅबने धरलेलं नसतं. काम झालं की पन्हाळी बुजवून गच्चीवर एक-दोन दिवस पाणी साठवा आणि खालून छत बघा. ही चाचणी करायला मिस्त्री टाळाटाळ करत असेल तर पैसे देण्याची घाई करू नका.

महाल भागात जुनं कवेलूचं (कौलारू) घर आहे. पावसाआधी कवेलू स्वतः फेरू का?

कवेलू फेरणारे आता कमी उरलेत, पण आहेत. त्यांनाच बोलवा, मेच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला. पाय कुठे द्यायचा हे त्यांच्या पायाला कळतं. माकडांनी फोडलेले चार कवेलू आतून, शिडीवरून सरकवता येतात, तेवढं करा. सिमेंटच्या पत्र्यांवर मात्र कधीच चढू नका. जुने पत्रे माणसाच्या वजनाने सरळ फुटतात. त्यांत ॲस्बेस्टॉस असतो, त्यामुळे कोरडे कापू किंवा भोकंही पाडू नका, धूळ फुप्फुसात जाते.

भिंतीत ड्रिल मारताना वायर लागणार नाही ना?

स्विचबोर्डच्या बरोबर वर किंवा खाली मारू नका, वायर सहसा तिथूनच सरळ वर जाते. न्हाणीघराच्या भिंतीत पाइपची जागा माहीत नसेल तर अजिबात नको.

चांगला मिस्त्री शोधायचा कुठे?

सकाळी चौकातल्या ठिय्यावर मजूर मिळतो, मिस्त्री मिळेलच असं नाही. खोदकाम, मलबा उचलणं, सामान चढवणं यासाठी ठिय्या ठीक. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गवंडी शोधायचा तर ज्याच्याकडे त्याने दोन पावसाळ्यांपूर्वी काम केलंय त्याला विचारा. कालच काम झालेल्या घरचं मत काही कामाचं नाही. दुकानदारालाही विचारा, पण एक गोष्ट लक्षात ठेवा: काही दुकानांत मिस्त्रीला मालावर कमिशन असतं. मोठं काम असेल तर लोहाओळीत (लोखंडी सामानाच्या बाजारात) जाऊन स्वतः भाव काढून या, फरक कळेल.

मिस्त्री कसा आहे ते त्याच्या पहिल्या दहा मिनिटांत कळतं. जो काही न तपासता आकडा सांगतो तो नको. जो गच्चीवर चढून, मीटर बघून, "आधी हे कधी केलं होतं?" असं विचारतो, तो चार पैसे जास्त मागत असला तरी घ्या.

रोजीने द्यावं की ठेक्याने?

मोजता येतं ते काम ठेक्याने: टाइल, रंग, प्लास्टर, सगळं चौरस फुटावर. मोजणी दोघांनी मिळून करा, आणि दारं-खिडक्यांची जागा वजा करायची की नाही ते आधी ठरवा, भांडणं तिथेच होतात. उघडल्याशिवाय कळत नाही ते काम रोजीने: जुनी लाइन, गळती शोधणं, लाकडाची दुरुस्ती. त्याचा ठेका दिला तर मिस्त्री घाई करतो, आणि घाई भिंतीत गाडली जाते.

बयाणा थोडा द्या, माल स्वतः आणा, बिल घ्या. काय काय करायचं ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या, किंवा निदान व्हॉट्सॲपवर. गच्चीच्या कामात शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर देण्याचं सुरुवातीलाच बोलून घ्या. चांगले मिस्त्री मान्य करतात. मात्र हाताखालच्या रेजा (बायका मजूर) आणि मजुरांची रोजी त्या त्या दिवशी मिळते की नाही हे बघा, ती अडकवायची नसते. आणि मे महिन्यात दुपारी बारा ते चार काम मागू नका. सकाळी लवकर बोलवा, थंड पाणी ठेवा.

वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातून आमच्याकडे गळतं. खर्च कुणाचा?

साधारण रीत अशी की ज्याच्या न्हाणीघरातून गळतं त्याने आपला फ्लॅट दुरुस्त करायचा. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामायिक पाइप यांचा खर्च सगळ्यांचा. नागपूरच्या बऱ्याच फ्लॅट स्कीम सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहेत. तुमच्या स्कीमचं डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे नोंदणीचा मूळ दस्त, काढून बघा, खर्च कुणाचा ते त्यात लिहिलेलं असतं. भांडणाआधी वरच्यांना खाली चहाला बोलवून डाग दाखवा. अनेकांना आपलं पाणी खाली जातंय हे माहीतच नसतं.

फ्लॅट नवा असेल तर खिशात हात घालू नका. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. लेखी कळवा. आणि तोवर स्वतः तोडफोड करू नका, नाहीतर "तुम्हीच फोडलं" असं ऐकावं लागेल.

भाड्याने राहतो. दुरुस्ती मालकाने करायची की मी?

अकरा महिन्यांचा करार असेल तर करारात काय लिहिलंय ते चालतं, म्हणून सही करण्याआधी वाचा. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ खालच्या भाडेकरूला थोडं जास्त बळ आहे. घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. टपालाने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. वायसर, बल्ब असल्या गोष्टींसाठी हा कायदा काढू नका.

रात्री दोन वाजता काही फुटलं तर?

त्या वेळी कुणी मिस्त्री येत नाही, म्हणून आजच उजेडात तीन जागा घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा: पाण्याचा मेन कॉक, विजेचा मेन स्विच, गॅसचं रेग्युलेटर. मेन कॉक वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल तर गंजून जाम होतो. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बंद-चालू करा. पाणी वाहतंय आणि जवळ वायर आहे असं दिसलं तर आधी वीज, मग पाणी, पण मेन स्विचपर्यंत पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊ नका. वीज महावितरणचा क्रमांक १९१२, गॅस १९०६, आग १०१, ॲम्ब्युलन्स १०८. हे नंबर लिहून फ्रिजच्या दारावर नको, घराच्या दाराच्या मागे लावा, पळताना दिसतील तिथे.